बिनबिलाच्या वस्तू

सुईत दोरा ओवायचं पत्र्याचं चिमुकलं यंत्र.
लिपस्टिकचं टोपण, नुसतं टोपण.
एक रिफिल, जिचं पेन माझ्याकडे नाही.
नेलकटर, चार.
बाळाच्या टोपड्याचा बंद;
घरात बाळ नाही, रेणू इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला.
हे सगळं बुटांच्या खोक्यात, खोकं गाद्यांमागे,
आणि मी सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत वरिष्ठ लेखापरीक्षक,
दुसऱ्यांच्या हिशेबातले सतरा रुपये धरणारी.

गरज नव्हती हो.
पर्समध्ये पाचशेची नोट असायची,
घडी न मोडलेली.

ते कसं येतं सांगू?
मे महिन्यात दुपारी कूलर लावावा
आणि टाकीत पाणी नसावं, तसं.
कोरड्या वाळ्यातून नुसती झळ,
मानेमागून बोटांच्या पेरांपर्यंत.
दुकानातला पंखा ऐकू येईनासा होतो.
मग वस्तू मुठीत येते, मूठ पर्समध्ये जाते
आणि पंप सुरू होतो.
गार.
लक्ष्मीभुवन चौक ओलांडेपर्यंत टिकतं ते.
पुढे शंकरनगरला स्कूटीच्या आरशात
स्कार्फच्या फटीतून स्वतःचेच डोळे दिसतात,
आणि टाकीतल्या शिळ्या पाण्याचा वास सुटतो.

दर वेळी म्हटलं, ही शेवटची.
कोराडीच्या देवीला बोलले.
पर्स न घेता गेले, तर ओढणीला गाठ मारता आली.

मग गोकुळपेठेतल्या घाटोळेंनी
कामावरचा पोरगा काढला.
प्रज्योत. टेका नाक्याहून सायकलनं यायचा.
"माल कमी भरून राहिला न मॅडम,
दुसरं कोण घेईन? दोन महिन्याचा पगार कापला त्याचा."
हे ते मलाच सांगत होते,
आणि माझ्या मुठीत, त्या क्षणीसुद्धा,
त्यांचं खोडरबर होतं.

त्या रात्री मी खोकं नवऱ्यापुढे ठेवलं, असं नाही झालं.
ते धैर्य नंतरचं, आणि अजून अर्धंच.
मी फक्त धंतोलीत एक नंबर लावला.
घरी सांगितलं, थायरॉइड.

समोरच्या बाकावर एक दांडगा माणूस,
दोन्ही मुठींना पट्ट्या, दाराच्या काचेवर राग काढलेला.
त्याची बायको त्याला डब्यातला चिवडा चमच्यानं भरवत होती.
मला वाटलं होतं, इथे वेडे असतात.
इथे टोकन घेतलेली माणसं होती.

डॉक्टर बोरकुटे बाईंना म्हटलं, मी चोर आहे.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"चोराला वस्तू हवी असते. तुम्हाला काय हवं असतं?"
मला उत्तर आलं नाही. नाक पुसायला रुमाल शोधला.
मग त्या म्हणाल्या, या आजाराला नाव आहे,
आणि मी नाव विसरून
तो 'आहे' तेवढा धरून बसले.
माफी नाही दिली त्यांनी. ती त्यांच्याकडे नव्हतीच.
"आजार तुमचा गुन्हा नाही.
त्या पोराचा पगार मात्र तुमच्या खात्यात."
रात्रीची एक गोळी, दर गुरुवारी साडेपाच,
आणि एक वही: वेळ, जागा, दहापैकी किती,
किती मिनिटांनी ओसरलं.
"ओसरतं?"
"मोजून पाहा. तुम्हाला मोजता येतं."

शनिवार, सीताबर्डी. केसांची क्लिप. आठ.
बाहेर येऊन रसवंतीचे घुंगरू ऐकत उभी राहिले. चौदा मिनिटं.
मंगळवार, इतवारी. रीळ. नऊ. घेतलं.
घेतलं, असंच लिहिलं.
शुक्रवार, काही नाही. घराबाहेरच पडले नाही, हेही लिहिलं.

घाटोळेंच्या पायरीवरून तीनदा परत आले.
प्रज्योत आता झाशी राणी चौकात
हातगाडीवर मोबाइलची कव्हरं विकतो.
आज तिथे जाऊन उभी राहिले.
"काय दाखवू, मॅडम?"
इतकी कव्हरं टांगलेली, हातभर अंतरावर,
आणि झळ आली नाही; भीती आली.
साधी, कोणालाही येते तशी.
तो वाट पाहत होता.
मी पर्सची चेन उघडली.